हेर्नहूट : भांडणातून उभी राहिलेली प्रार्थना

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकाच्या सीमा जिथे जवळ येतात त्या सॅक्सनीच्या भागात हेर्नहूट हे छोटेसे गाव आहे. १७२२ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे रान होते. त्या वर्षी १७ जूनला क्रिस्तियान डाव्हिड नावाच्या सुताराने हुटबेर्ग टेकडीच्या उतारावर पहिले झाड पाडले आणि सीमेपलीकडच्या मोरावियातून रातोरात निघून आलेल्या नायसर कुटुंबासाठी घर बांधायला घेतले. पाच वर्षांत वस्ती तीनशेच्या आसपास पोहोचली. त्याच पाच वर्षांत ती भांडणांनी मोडकळीलाही आली. मोडता मोडता ती सावरली कशी, आणि सावरल्यावर तिने कोणत्या चालीरीती घालून घेतल्या, हा ख्रिस्ती इतिहासातला मोलाचा भाग आहे. देवाची जवळीक आणि दुरावलेल्या माणसाशी समेट या दोन्ही गोष्टी एकाच दिनक्रमात बसवण्याचा प्रयत्न इतक्या चिकाटीने फार थोड्या ठिकाणी झाला.

नायसरांसारखी घरे मोराविया का सोडत होती, हे समजण्यासाठी तीन शतके मागे जावे लागते. प्राग विद्यापीठातला धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले. त्याच्या विचारांवर वाढलेल्या काही लोकांनी १४५७ मध्ये बोहेमियातील कुनवाल्ड गावी बंधुसमाजाची स्थापना केली. चेक भाषेत बायबल आणणारा, मुलांच्या शाळा चालवणारा आणि आचरणाच्या शिस्तीला मतांइतकेच महत्त्व देणारा हा समाज होता. १६२० मध्ये प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि हाब्सबुर्ग राजवटीने या मंडळींना देशोधडीला लावले. समाजाचे बिशप आणि थोर शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेनियस १६७० मध्ये परदेशातच वारले. मागे राहिलेल्या घराण्यांनी पुस्तके लपवून, दारे लावून घेऊन आपली उपासना जपली. क्रिस्तियान डाव्हिड सीमेपलीकडे ये-जा करून अशा घरांना वाट दाखवत होता.

ज्या जमिनीवर तो त्यांना आणत होता ती काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेनडॉर्फची होती. १७०० मध्ये ड्रेस्डेनला जन्मलेला हा सरदारपुत्र आजीच्या देखरेखीखाली वाढला. त्या घरात मनापासून केलेली भक्ती हाच खरा धर्म मानला जाई. हालेच्या शाळेत आणि व्हिटेनबेर्गच्या विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने तो कायदा शिकला आणि ड्रेस्डेनच्या दरबारात नोकरीला लागला. बेर्टेल्सडॉर्फची जहागीर त्याने १७२२ मध्येच आजीकडून विकत घेतली होती. निर्वासितांना आसरा दिला तेव्हा आपण एका नव्या समाजाची पायाभरणी करत आहोत, अशी त्याची कल्पना नव्हती.

बातमी पसरली तसे नाना मतांचे लोक येऊ लागले. मोरावियन होते, ल्यूथरपंथी होते, काल्विनच्या मताचे रिफॉर्म्ड होते. सायलेशियातून धर्मसुधारक श्वेंकफेल्डचे अनुयायीही आले. प्रत्येकाने आपल्या श्रद्धेसाठी काही ना काही सोसले होते, आणि सोसलेला माणूस आपल्या मतावरून सहसा मागे हटत नाही. प्रभुभोजन कोणत्या पद्धतीने घ्यावे, बेर्टेल्सडॉर्फच्या ल्यूथरन मंडळीत राहावे की वेगळे व्हावे, जुन्या बंधुसमाजाची शिस्त पुन्हा आणावी की नाही, यावरून घराघरांत बोलणे तुटले. अशातच क्रूगर नावाचा एक जहाल उपदेशक गावात आला. झिंझेनडॉर्फ म्हणजे बायबलमधल्या प्रकटीकरणातले श्वापद आणि बेर्टेल्सडॉर्फचा पाळक योहान आन्द्रेआस रोथ म्हणजे खोटा संदेष्टा, असे तो सांगू लागला. मानसिक संतुलन ढळून तो अखेर निघून गेला, पण त्याने पेरलेला संशय मागे राहिला. खुद्द क्रिस्तियान डाव्हिड वस्तीपासून बाजूला झोपडी बांधून राहू लागला होता. ज्याने गाव वसवले तोच गावाशी फटकून राहिला, यावरून दुरावा किती खोल गेला होता ते कळते.

१७२७ च्या वसंतात झिंझेनडॉर्फ दरबारच्या कामातून रजा घेऊन हेर्नहूटला राहायला आला. पुढच्या तीन महिन्यांत जे घडले त्याकडे भक्तिपर लिखाणात बहुधा दुर्लक्ष होते, आणि सगळा भर ऑगस्टमधल्या एका दिवसावर दिला जातो. खरे तर त्या दिवसाची तयारी या तीन महिन्यांत झाली. झिंझेनडॉर्फ घरोघर गेला. एकेका माणसाला वेगळे भेटून त्याने त्याची तक्रार ऐकून घेतली. १२ मे रोजी सगळ्यांना एकत्र बोलावून तो फुटीच्या पापाविषयी तीन तास बोलला आणि नियमांचे दोन मसुदे लोकांपुढे ठेवले. एकात जहागीरदार म्हणून त्याचे आदेश होते. हेर्नहूटचे रहिवासी वेठबिगारीतून कायमचे मुक्त राहतील, हे त्यांतले एक महत्त्वाचे कलम. दुसरा बंधुत्वाचा करार होता. देवाच्या सर्व लेकरांवर, ती कोणत्याही पंथाची असोत, प्रेम ठेवायचे, मतभेदावरून कोणाचा न्याय करायचा नाही, तंटा मनात न मुरवता लवकर मिटवायचा, अशी त्याची दिशा होती. लोकांनी हातात हात देऊन त्याला मान्यता दिली.

त्याच दिवशी बारा वडील निवडले गेले. सुतार, विणकर अशी ती साधी कारागीर माणसे होती. त्यांतून चार प्रमुख चिठ्ठ्या टाकून ठरले आणि त्या चौघांत क्रिस्तियान डाव्हिडचे नाव निघाले. बाजूला गेलेल्या माणसाला जबाबदारी देऊन आत घेण्याचा हा निर्णय हेर्नहूटच्या सगळ्या वाटचालीतला सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. मात्र चिठ्ठीने झालेली ही निवड त्या लोकांनी माणसाची मानली नाही. ती देवाने केली अशी त्यांची श्रद्धा होती.

जुलैमध्ये दोघा-तिघांपासून आठ जणांपर्यंतचे छोटे गट सुरू झाले. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. गटात मनातले पाप, राग, शंका मोकळेपणाने सांगायच्या आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची, हा नेम. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पाप कबूल करण्याची आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची जी आज्ञा आहे, तिचे हे रोजच्या जगण्यातले रूप होते. रागाला वाट मिळाली की तो निंदेच्या रूपाने गावभर फिरत नाही, हा अनुभव इथे अनेकांना आला. याच सुमारास झिंझेनडॉर्फला झिटाऊच्या ग्रंथालयात कोमेनियसने प्रसिद्ध केलेली बंधुसमाजाची शिस्तसंहिता सापडली. तिच्यातले उतारे भाषांतर करून त्याने ऑगस्टच्या सुरुवातीला मोरावियनांना वाचून दाखवले. आपण मे महिन्यात घालून घेतलेले नियम आपल्या पूर्वजांच्या नियमांशी इतके जुळतात, हे पाहून ती माणसे हेलावली. ज्या वारशासाठी ते भांडत होते तो वारसा मुळात एकोप्याचाच होता.

१० ऑगस्टला दुपारच्या उपासनेत पाळक रोथ गुडघ्यांवर आला आणि सभा मध्यरात्रीपर्यंत चालली. सर्वांनी बुधवारी १३ तारखेला बेर्टेल्सडॉर्फच्या देवळात एकत्र प्रभुभोजन घ्यावे, असे त्याने निमंत्रण दिले. बुधवारी सकाळी लोक हेर्नहूटहून निघाले. वाट जेमतेम दोन किलोमीटरची, पण चालता चालता आणि देवळाच्या दाराशी अबोला धरलेली माणसे दोघे-दोघे थांबून एकमेकांशी बोलू लागली आणि क्षमा मागू लागली. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. इथे गावच्या गाव तो क्रम पाळत देवळात पोहोचले. त्या दिवशी दोन मुलींचे दृढीकरण झाले, सर्वांच्या वतीने पापकबुली देण्यात आली, आणि शेजारच्या हेनर्सडॉर्फच्या पाळकाने प्रभुभोजन दिले. अनेकांना रडू आवरेना. पवित्र आत्म्याने आम्हाला एक केले, असे त्या लोकांनी पुढे आयुष्यभर सांगितले. बंधुसमाजाच्या नव्या जन्माचा दिवस म्हणून १३ ऑगस्ट १७२७ ही तारीख मोजली जाते.

उपासना संपल्यावर कोणाला घरी जावेसे वाटेना. माणसे वेगवेगळ्या घरांत गोळा होऊन बोलत बसली. झिंझेनडॉर्फने आपल्या स्वयंपाकघरातून अशा सात घरी जेवण पाठवले. त्यातून प्रीतिभोजनाची प्रथा सुरू झाली. नव्या करारात उल्लेख असलेली ही जुनी रीत कित्येक शतके जवळपास लोपली होती. हेर्नहूटमध्ये ती पाव आणि पाणी किंवा चहा-कॉफी अशा अगदी साध्या रूपात पुन्हा रुजली. वाढदिवस असो, प्रवासाला निघणारा बंधू असो की मिटलेला तंटा, एकत्र बसून खाणे आणि गाणे हा त्याचा भाग झाला. प्रभुभोजन देवाशी जोडते आणि प्रीतिभोजन शेजाऱ्याशी, असे दोन कप्पे त्यांनी केले नाहीत. दोन्ही जेवणे एकाच आठवणीची होती.

अशा दिवसाची उब टिकणे अवघड असते. हेर्नहूट टिकले ते त्यानंतरच्या नेमांमुळे. २७ ऑगस्टपासून चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसाचे चोवीस तास वाटून घेतले. प्रत्येकाने आपल्या तासाला, जिथे असेल तिथे, एकांतात मंडळीसाठी प्रार्थना करायची. रात्री दोनचा तासही कोणाच्या तरी वाट्याला येई. आठवड्यातून एकदा जमून कोणत्या गरजांसाठी प्रार्थना करायची ते ठरवत. हा क्रम शंभर वर्षे चालला, असे बंधुसमाज मानतो. ज्याच्यासाठी नित्य प्रार्थना करायची त्याच्याविषयी मनात अढी ठेवणे कठीण जाते, आणि या नेमाची समाजातली मोठी ताकद तिथे होती.

३ मे १७२८ च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी एक बोधवचन दिले. पुढे रोज सकाळी कोणीतरी बंधू त्या दिवसाचे वचन घेऊन गावातल्या बत्तीस घरांत जाई, आणि जाताना घरची विचारपूसही करी. त्यामुळे आजारी, एकटा पडलेला किंवा रागावून बसलेला माणूस एक दिवसही नजरेआड होत नसे. १७३१ पासून ही वचने वर्षाच्या पुस्तकाच्या रूपात छापली जाऊ लागली. आज हे पुस्तक पन्नासाहून अधिक भाषांत निघते, आणि जुन्या करारातले वचन अजूनही हेर्नहूटलाच चिठ्ठ्या काढून ठरवले जाते.

समेटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची प्रथा प्रभुभोजनापूर्वीच्या भेटीची होती. समाजात वय आणि परिस्थितीनुसार गट होते: विवाहित, अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विधवा, मुले. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाला आपल्या गटाच्या प्रमुखाशी एकट्याने बोलावे लागे. मनाची स्थिती, प्रार्थनेतला कोरडेपणा, कोणाशी बिनसले असेल तर ते, असे सगळे तिथे निघे. भांडण न मिटवता मेजापाशी येणे योग्य मानले जात नसे. स्त्रियांशी स्त्रियाच बोलत, त्यामुळे त्या काळच्या युरोपात दुर्मीळ असे आध्यात्मिक नेतृत्व स्त्रियांकडे आले. आना निचमान १७३० मध्ये चौदाव्या वर्षी स्त्रियांची प्रमुख झाली. तिची निवडही चिठ्ठीनेच झाली होती. या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. माणसाचे अंतरंग इतके उघडे ठेवायचे म्हणजे प्रमुखाच्या हाती मोठी सत्ता जाते, आणि एकांताला जागा उरत नाही. तरी एखादी तक्रार महिनोन्महिने न बोलता कुजत ठेवायची सोय या पद्धतीने बंद केली, हे तिचे यश नाकारता येत नाही.

हुटबेर्गवरच्या दफनभूमीतही हाच विचार दिसतो. घराण्याच्या छत्र्या नाहीत. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, आणि साधे, आडवे दगड. १७३२ च्या ईस्टरला सूर्योदयापूर्वी काही तरुण तिथे जाऊन गायले, आणि ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेची परंपरा सुरू झाली.

१७३१ मध्ये झिंझेनडॉर्फ डेन्मार्कच्या राजाच्या राज्यारोहण समारंभासाठी कोपनहेगनला गेला असता, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरून आणलेला आंटोन हा गुलाम त्याला भेटला. आंटोनने हेर्नहूटला येऊन आपल्या बहीणभावांची स्थिती सांगितली. २१ ऑगस्ट १७३२ रोजी कुंभार लिओनार्ड डोबर आणि सुतार डाव्हिड निचमान त्या बेटाकडे निघाले. पुढच्या वर्षी काही जण ग्रीनलंडला गेले. एका लहानशा खेड्याने हे धाडस केले. सेंट थॉमसवर मळेवाल्यांचा विरोध आणि रोगराई सोसत मंडळी उभी राहिली. रिबेका नावाच्या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीने गुलाम स्त्रियांमध्ये जे काम केले त्याशिवाय ती उभी राहिली नसती. गुलामांना बंधू आणि भगिनी म्हणण्याची, त्यांच्याबरोबर प्रीतिभोजनाला बसण्याची रीत तिथेही आली.

पण इथेच हेर्नहूटच्या समेटाची मर्यादा उघडी पडते. १७३९ मध्ये झिंझेनडॉर्फ स्वतः बेटावर गेला, तुरुंगात टाकलेल्या बंधुभगिनींना त्याने सोडवले, आणि निरोपाच्या भाषणात गुलामांना मालकांच्या आज्ञेत राहायला सांगितले. मिशननेही मळा घेतला आणि त्यावर गुलाम राबवले. हेर्नहूटच्या रहिवाशांना वेठबिगारीतून मुक्त करणाऱ्या माणसाला अटलांटिकपलीकडे तोच न्याय दिसला नाही. मालक आणि गुलाम यांच्यातला संबंध तुटलेला होता, आणि अन्याय जागेवर ठेवून केलेली प्रार्थना तो सांधू शकत नव्हती.

घरातही सगळे सुरळीत नव्हते. सॅक्सनी सरकारने १७३६ मध्ये झिंझेनडॉर्फला हद्दपार केले आणि समाजाचे केंद्र काही काळ पश्चिमेकडे सरकले. तिथल्या हेर्नहाग वसाहतीत १७४० च्या दशकात ख्रिस्ताच्या जखमांविषयीची भक्ती अतिरेकी, लडिवाळ भाषेत वाहू लागली. देवाशी जवळीक साधण्याच्या नादात शिस्त सुटली. १७४९ मध्ये झिंझेनडॉर्फने कडक पत्र लिहून हे थांबवले आणि त्यातला आपला वाटाही मान्य केला. पत्नी एर्डमूथे हिने जहागिरीचा आणि समाजाच्या कर्जांचा भार वर्षानुवर्षे सांभाळला, पण अखेरच्या काळात पती-पत्नींत अंतर पडले होते. १७५६ मध्ये ती वारली. पुढच्या वर्षी त्याने आना निचमानशी विवाह केला. गावातली घरे जोडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातला हा दुरावा त्याच्या चरित्रकारांना सतत टोचत आला आहे. ९ मे १७६० रोजी तो हेर्नहूटला वारला.

हेर्नहूटचा प्रभाव त्याच्या सभासदसंख्येच्या मानाने फार मोठा आहे. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७३८ च्या ऑगस्टमध्ये हेर्नहूटला आला आणि त्याने क्रिस्तियान डाव्हिडची प्रवचने ऐकली. पुढे शिकवणुकीवरून वेस्ली मोरावियनांपासून वेगळा झाला, तरी छोटे गट आणि प्रीतिभोजन त्याने मेथडिस्ट चळवळीत कायम ठेवले. त्या गटांसाठी त्याने केलेल्या नियमांचा पायाही याकोबाच्या पत्रातली तीच आज्ञा आहे.

भारतात हा धागा बंगालमधल्या श्रीरामपूरला पोहोचतो. मिशनरी विल्यम केरी याने १७९२ मध्ये इंग्लंडमध्ये आपल्या सहकाऱ्यांसमोर मोरावियन मिशनच्या कामाचे दाखले ठेवले होते. १८०० च्या सुरुवातीला केरी आणि त्याचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांची कुटुंबे श्रीरामपूरला एकत्र राहू लागली. एक स्वयंपाकघर, एक तिजोरी आणि शनिवारची संध्याकाळ आठवडाभरातले मतभेद मिटवण्यासाठी राखलेली, असा त्यांचा नियम होता. मराठी मुद्रणाचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम याच घरातून झाले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केरीने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. केरीच्या पुढच्या पिढीतले तरुण मिशनरी श्रीरामपूरच्या ज्येष्ठांपासून कडवटपणे फुटले, हेही नोंदवायला हवे. शनिवारची संध्याकाळ पाळणारी माणसे एकत्र होती तोवरच ती प्रथा उपयोगी पडली.

गुलामगिरीचा प्रश्न मोरावियन समाजाने पुढे कसा हाताळला, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात स्पष्ट दिसते. अठराव्या शतकात सेलम वसाहतीत कृष्णवर्णीय आणि श्वेत सभासद एकाच बाकांवर बसत आणि एकाच भूमीत पुरले जात, तरी समाजाच्या मालकीचे गुलाम तिथेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोवतालच्या समाजाचा वर्णभेद आत शिरला. आधी दफनभूमी वेगळी झाली आणि १८२२ मध्ये कृष्णवर्णीयांची वेगळी मंडळी निघाली. याच मंडळीच्या विटांच्या देवळात, सेंट फिलिप्समध्ये, २१ मे १८६५ रोजी मुक्तीची घोषणा वाचण्यात आली. कबुली मात्र आणखी जवळजवळ दीड शतक लांबली. २००६ मध्ये मोरावियन चर्चच्या दक्षिण प्रांताने गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली.